चिमण्यांना दाणे हवेत पण पारवे नकोत: माझा अनुभव

आधीच सांगते, मला पारव्यांचा राग वगैरे नाहीये. पण पुण्यात कुठल्याही टेरेसवर मूठभर ज्वारी टाकून बघा, पहिलं कोण येतं ते. चिमण्या समोरच्या केबलवर बसून नुसत्या बघत राहतात आणि हे गुटर्गू गुटर्गू करत सगळं साफ करतात, वर कठड्यावर रांगोळी घालून जातात ते वेगळंच. आमच्याकडे तर एसीच्या आउटडोअर युनिटमागे चार काड्या टाकून अंडी पण घातली होती. पारव्याची मादी एका वेळी दोनच अंडी घालते पण वर्षभर कधीही घालते, म्हणजे तुम्ही दाणे टाकत राहिलात की त्यांचा प्रपंच वाढतच राहतो.

खालच्या मजल्यावरच्या काकूंना दम्याचा त्रास आहे, त्यांनी एक दिवस अगदी शांतपणे येऊन सांगितलं की वाळलेली घाण उडून आमच्या खिडकीत येते गं. त्यांचं काही चुकत नव्हतं. पारव्यांची विष्ठा आणि पिसांची धूळ सतत नाकात जात राहिली तर काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते, हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस म्हणतात त्याला. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्री घालून बंद केला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, त्याच्या मुळाशी पण हेच कारण होतं.

मग दाणे घालणं बंदच करायचं का? सासूबाई ऐकायला तयार नाहीत. सकाळी अंघोळ झाली की पहिला घास पाखरांना, हे त्यांचं माहेरपासूनचं. मी म्हटलं आई, चिमण्यांना घालू, पण पारव्यांना नको. तर म्हणाल्या, "का गं, पारव्यानं काय घोडं मारलंय तुझं?" शेवटी काकूंच्या दम्याचं सांगितल्यावर पटलं त्यांना.

नेटवर जे उपाय सांगतात ते बहुतेक सगळे घरात करून झाले. जुन्या सीडी टांगल्या, चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या, प्लास्टिकचं घुबड आणलं. पारवे सुरुवातीला दचकतात, मग घुबडाच्या डोक्यावर बसतात. चिमण्या मात्र त्या चमचमाटाला इतक्या बुजतात की फिरकेनाशाच होतात, म्हणजे नको ते आत आणि हवे ते बाहेर. बाटलीला भोकं पाडून लाकडी चमचे घालतात तो फीडर दिसतो छान, पण त्यातून निम्मे दाणे खाली सांडतात आणि पारवे खाली उभे राहून आयते वेचतात. सांडलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर येतात ते अजून वेगळं.

हे सगळं बघताना लक्षात आलं की घाबरवून काही होत नाही, अंगापिंडाचा फरक वापरायला पाहिजे. चिमणी असते जेमतेम १५-१६ सेंटीमीटरची, वजन तीसेक ग्रॅम, आणि पारवा तिच्या दुप्पट लांब आणि वजनाला तिच्या दहापट तरी. त्यामुळे एका जाळीतून एक जाईल आणि दुसरा अडकेल हे जमण्यासारखं होतं.

तर हार्डवेअरच्या दुकानातून दीड इंची चौकोनाची वेल्डेड जाळी आणली, गॅल्वनाइज्ड घ्या नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंजते. कटरनं कापून केबल टायनं बांधून साधारण दीड फुटी चौकोनी पिंजरा केला (नवरा म्हणाला कोंबड्या पाळणारेस का) आणि आत मधोमध एक छोटी वाटी तारेनं घट्ट बसवली. मधोमध हे फार महत्त्वाचं आहे, कारण वाटी कडेला असली की पारवा बाहेर उभा राहून मान आत घालतो आणि कावळ्याची चोच तर त्याहून लांब पोचते. सगळ्या बाजूंनी पाच-सहा इंच मोकळे सोडायचे. वाटीखाली एक पसरट ट्रे ठेवला म्हणजे सांडलेलं पण आतच राहतं. आणि जाळीची कापलेली टोकं कानशीनं घासून दुमडून घ्या, नाहीतर पाखरांच्या पायाला लागतात, आपल्या बोटांना तर लागतातच.

लगेच काही झालं नाही. पारवे पिंजऱ्यावर चढून बसले, वरून आत बघत बसले, अगदी वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखे. चिमण्या बरेच दिवस नुसत्या जवळ येऊन उडून जायच्या. मग एक नर आत शिरला, खाऊन बाहेर आला आणि त्यानंतर सगळी टोळी यायला लागली. आता मुनिया पण येतात, त्यांना ज्वारी मोठी पडते, राळा किंवा बाजरी आवडते. पक्ष्यांच्या दुकानात कांगणी म्हणून मिळतो तोच राळा. दाणा बारीकच ठेवायचा आणि सकाळी एकदाच, दोन-तीन चमचे, संपलं की संपलं. पावसाळ्यात तर अजून कमी, ओल्या दाण्याला बुरशी धरते. शिळा भात, पाव, फरसाण हे अजिबात नको, त्यानं फक्त कावळे आणि उंदीर येतात.

कावळ्यांचं म्हणाल तर पितृपक्षात आम्हीच त्यांना हाका मारमारून बोलावतो, मग एरवी कुठल्या तोंडानं हाकलायचं? त्यांचा घास बिल्डिंगच्या वरच्या गच्चीत, आमच्या टेरेसवर नाही, असा समझोता झालाय.

खारीचं कोडं मात्र अजून सुटलेलं नाही. ती दीड इंचातून आरामात जाते. पिंजरा कठड्यावर होता तोपर्यंत रोज वाटी तिचीच. आता छताच्या हुकाला बारीक तारेनं टांगलाय आणि तारेत एक उलटी प्लास्टिकची थाळी ओवलीये म्हणजे वरून उतरताना ती घसरते. पण जवळच्या कुंडीतून उडी मारून येतेच कधीकधी. येऊ दे, एवढीशी तर आहे.

एक गोष्ट मला खूप उशिरा कळली, दाण्यांवर येणारे पक्षी मोजकेच असतात. शिंपी, चष्मेवाला, शिंजीर, दयाळ हे काही ज्वारी-बाजरी खायला येत नाहीत. चिमण्यासुद्धा पिल्लांना किडे-अळ्याच भरवतात. म्हणून कुंड्यांमधे हमेलिया आणि जास्वंद लावली, औषध फवारणं बंद केलं. हमेलियाच्या केशरी फुलांवर शिंजीर दिवसभर असतात आणि पारवे तिकडे ढुंकूनही बघत नाहीत, म्हणजे जाळी नको काही नको. सगळ्यात सोपा उपाय खरं तर हाच होता. पाण्याचं मातीचं भांडं उथळच ठेवलंय, पाणी रोज बदलते आणि भांडं घासते, नाहीतर डासांच्या अळ्या होतात.

जाळी आणायला जाल तेव्हा टेप घेऊन जा. दीड इंची संपली की दुकानदार दोन इंची गळ्यात मारतो, "ताई सेमच आहे" म्हणून. सेम नाहीये, त्यातून साळुंकी आत शिरते आणि एकदा का ती शिरली की चिमण्यांना वाटीजवळ उभं राहू देत नाही.