गणपतीपर्यंत गुलाबी

गणपतीला आमच्याकडे येणारी मंडळी मखराच्या मागची पॅनिकल हायड्रेंजियाची फुलं पाहतात आणि हमखास विचारतात, "याला खत कोणतं घालतेस गं?" मी सांगते की रंगासाठी काहीच घालत नाही. ते बऱ्याच जणांना पटत नाही. एवढी हातभर लांबीची, तळाशी गुलाबी आणि शेंड्याला अजून दुधी असलेली फुलं खताशिवाय कशी येतील, असं वाटणं साहजिक आहे. म्हणून एकदा नीट, सविस्तर लिहायचं ठरवलं. आत्ताच छाटणी उरकली आहे, त्यामुळे सगळं ताजंही आहे.

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या पश्चिमेला कँटनला राहतो. इथली माती चिकण आहे. ओली असली की बुटाला गोळ्यागोळ्याने चिकटते आणि जुलैत वाळली की भेगा पडतात. हिवाळ्यात थंडी कधी कधी उणे 20 अंश सेल्सियसपर्यंत उतरते. अशा ठिकाणी जे झुडूप दरवर्षी न चुकता फुलतं, ते म्हणजे हे लांबट तुऱ्यांचं पॅनिकल हायड्रेंजिया. मूळचं जपान, चीन, कोरियाकडचं. तिकडच्या डोंगरात ते आपोआप वाढतं, आणि जपानमध्ये हाताने कागद बनवणारे लोक याच्या सालीतला चिकट द्रव लगद्यात मिसळत आले आहेत. युरोपात याची भरगच्च फुलांची 'ग्रँडिफ्लोरा' ही जात 1860 च्या दशकात झीबोल्ट नावाच्या जर्मन वैद्याने जपानहून नेली. अमेरिकेत ईशान्येकडच्या जुन्या घरांच्या अंगणात आणि दफनभूमींत तिची झाडं अजून दिसतात.

आपल्याकडे हायड्रेंजिया म्हटलं की उटी-कोडाईकॅनॉलचे निळे गोल गुच्छ डोळ्यासमोर येतात. तो मोठ्या पानांचा हायड्रेंजिया, वेगळी जात. त्याचा रंग मातीवर ठरतो: माती आम्ल असेल तर तिच्यातलं ॲल्युमिनियम मुळांना मिळतं आणि फूल निळं होतं, नाही तर गुलाबी. हे इतकं प्रसिद्ध आहे की लोक तोच नियम सगळ्या हायड्रेंजियांना लावतात. मग कुणी बुंध्याशी कॉफीचा चोथा टाकतं, कुणी तुरटी, कुणी गंजलेले खिळे पुरतं. पॅनिकलवर यातल्या कशाचाही परिणाम होत नाही. ते कधीच निळं होत नाही. कळी हिरवट किंवा दुधी, मग पांढरं, मग गुलाबी, शेवटी तपकिरी, हाच त्याचा क्रम. प्रश्न एवढाच उरतो, की गुलाबी टप्पा किती गडद होतो आणि किती दिवस टिकतो.

यातली माझी खरी आवडीची गोष्ट आता सांगते. माझं लहानपण तासगावजवळच्या द्राक्षबागेत गेलं. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, हेच आमचं कॅलेंडर. ऑक्टोबरात वेलीवर जो घड दिसतो तो उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यात, म्हणजे पेरावरच्या मिटलेल्या कोंबात, तयार झालेला असतो. बाबा फळछाटणीआधी काड्यांचं परीक्षण करून आणायचे आणि कितव्या डोळ्यावर घड आहे हे कळल्याशिवाय कात्रीला हात लावायचे नाहीत. मोठ्या पानांचा हायड्रेंजिया याच वळणाचा आहे. त्याचं पुढच्या वर्षीचं फूल यंदाच्या उन्हाळ्याअखेरीस जुन्या काडीच्या डोळ्यात बसतं. तो डोळा जानेवारीत गोठला, किंवा तुम्ही मार्चमध्ये तो छाटून टाकला, की वर्षभर नुसती पानं. इथल्या कितीतरी मराठी घरांत ही तक्रार ऐकते.

पॅनिकल यापेक्षा फार उदार आहे. ते फूल धरतं त्याच वर्षीच्या नव्या फुटीच्या टोकावर. एप्रिल-मेमध्ये जी कोवळी फूट निघते तिच्याच शेंड्याला जूनमध्ये कळी दिसायला लागते. म्हणजे कडाक्याची थंडी पडली, वसंतात उशिरा दव गोठलं, तरी फुलांचं काही बिघडत नाही. आणि छाटणी कधी करायची हेही आपोआप ठरतं: झाड झोपेत असताना, फूट निघायच्या आधी. माझा हिशोब गुढीपाडव्याचा आहे. पाडवा झाला, बर्फ वितळला आणि दिवसा हात गारठत नाहीत असा शनिवार मिळाला, की मी कात्री घेऊन बाहेर पडते.

छाटणी नेमकी कशी, ते सांगते. गेल्या वर्षीचे वाळके तुरे अजून टोकांना असतात, मी ते हिवाळ्यात मुद्दाम ठेवते. त्यांच्या खाली काडी पकडून बोट खाली सरकवत न्या. थोड्या थोड्या अंतरावर पेर लागतं आणि पेराला समोरासमोर दोन डोळे, कधी कधी तीन. या दिवसांत ते टाचणीच्या डोक्याएवढे असतात, तपकिरी आणि टणक. काडीचा वरचा एक तृतीयांश भाग मोजा आणि त्याच्या खाली जी ठसठशीत डोळ्यांची जोडी असेल तिच्या अगदी वर कापा. डोळे समोरासमोर असल्यामुळे तिरका काप लागत नाही, सरळ चालतो. काप हिरवट-पांढरा, ओलसर दिसला पाहिजे. भुरा आणि कोरडा दिसला तर काडी मेली आहे, हिरवं लागेपर्यंत खाली या. शिसपेन्सिलीपेक्षा बारीक काड्या मी बुडापासून काढते, एकमेकींना घासणाऱ्यांपैकी कमजोर तीही काढते.

डोळे किती ठेवायचे याचं गणित बागायतदाराला लगेच कळेल. जास्त डोळे ठेवले तर तुरे जास्त, पण लहान. कमी ठेवले तर मोजके आणि प्रचंड. प्रचंड ऐकायला छान वाटतं, पण जुलैतल्या एका वादळी पावसात ते पाणी पिऊन जड होतात आणि कोवळी फूट वाकून जमिनीला टेकते. इथे काही लोक, आणि पैसे घेऊन येणारे लॉनवालेही, दरवर्षी अख्खं झुडूप गुडघ्याएवढं सपाट करतात. माझ्या मते ते झाडावर अन्याय करणं आहे. जुन्या जाड फांद्यांचा सांगाडा राहू द्यावा, त्याच्या आधारावर नवी फूट ताठ राहते.

आता त्या रंगाकडे येते. आपण ज्याला पाकळ्या म्हणतो ती खरं तर निदलं, म्हणजे फुलाची बाहेरची दळं आहेत, म्हणून ती इतके आठवडे टिकतात. खरी फुलं बारीक, तुऱ्याच्या आत दडलेली. क्विक फायरसारख्या जातींत ती जास्त असतात आणि मधमाश्या तिथेच गुंतलेल्या दिसतात. ही निदलं पक्व झाली आणि रात्री गार व्हायला लागल्या की त्यांच्यात अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य साठायला लागतं. जांभळाला, लाल कोबीला रंग देणारी द्रव्यंही याच कुळातली. रात्री उकाडा असेल तर हे रंगद्रव्य नीट साठत नाही आणि तुरा पांढऱ्यावरून थेट तपकिरी होतो. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या मैत्रिणींकडे हेच घडतं. त्यांचं काही चुकत नाही, त्यांच्या रात्रीच गरम असतात.

जवळून बघण्यासारखा प्रकार आहे तो. आमच्या लाइमलाइट जातीच्या झाडाचा एखादा तुरा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हातात घेतला तर रंग तळापासून वर चढताना दिसतो, कारण तळाची फुलं आधी उमललेली, शेंड्याची नंतर. एकेका निदलावर आधी कडेला गुलाबी रेघ येते, मग शिरांमधून आत पसरते, मध्यभागी हिरवट ठिपका बराच काळ तसाच राहतो. आणि उन्हाकडची बाजू सावलीकडच्या बाजूपेक्षा चार दिवस पुढे असते.

म्हणजे रंगासाठी आपल्या हातात काय उरतं? तुरे गार रात्री येईपर्यंत ताजे ठेवणं, एवढंच, आणि ते ऑगस्टमध्ये ठरतं. ऑगस्टात इथे ऊन कडक असतं, पावसाचा भरवसा नसतो, आणि पाणी कमी पडलं की निदलांच्या कडा करपतात. करपलेला तुरा पुन्हा गुलाबी होत नाही. त्या महिन्यात मी आठवड्याला निदान एक इंच पाणी मिळेल हे बघते, पाऊस धरून. बुडाशी, सावकाश, सकाळी. पाइप बारीक सोडून झाडाजवळ ठेवायचा आणि चहा होईपर्यंत तिथेच राहू द्यायचा. बुंध्याभोवती दोन-तीन इंच लाकडाच्या भुग्याचं आच्छादन असतं, फक्त ते खोडाला चिकटवायचं नाही. आमच्या चिकणमातीत पाणी साचून राहणंही वाईटच, म्हणून लावताना मी खड्डा खोल नाही, रुंद करते आणि झाड जमिनीपेक्षा किंचित वर बसवते.

ऊन सहा तास तरी हवं. सकाळपासून दुपारपर्यंतचं मिळालं आणि तीननंतर घराची सावली आली, तर फार उत्तम. खत म्हणाल तर फूट निघताना एकदा, सावकाश विरघळणारं, मूठभर. नत्र जास्त झालं की पानं गडद आणि माजलेली, काड्या लुसलुशीत, तुरे कमी. लॉनचं खत वाऱ्याने याच्या बुडाशी जाऊ देऊ नका. आणि झाड लहान असेल तर हिवाळ्यात भोवती कोंबडजाळी लावा, बर्फात सशांना दुसरं काही मिळत नाही आणि ते काड्या कुरतडतात.

जातींबद्दल थोडक्यात. लाइमलाइट हॉलंडमध्ये तयार झालेली, सहा ते आठ फूट वाढते, हिरवट कळीची. लहान अंगणाला तिचीच धाकटी बहीण लिटल लाइम चांगली. ती तर आमच्या मिशिगनचीच, लेक मिशिगनच्या काठावरच्या ग्रँड हेवन इथल्या स्प्रिंग मेडो नर्सरीची. कुंडीत लावायचं तर बोबो, तीन फुटांच्या वर जात नाही. क्विक फायर सगळ्यांच्या आधी फुलते आणि आधी लाल होते. व्हॅनिला स्ट्रॉबेरीचे फोटो सगळ्यात सुंदर, पण तुऱ्यांच्या वजनाने ती वाकते. मला स्वतःला ती आवडत नाही.

या वर्षी मात्र मला वेगळीच उत्सुकता आहे, आणि त्याचं कारण पंचांग. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, गणपती 19 सप्टेंबरला आले. तोवर इथे रात्रीचा पारा 12-13 अंशांवर आला होता आणि मखरामागे सगळे तुरे गडद गुलाबी होते. गेल्या वर्षी, 2025 ला, चतुर्थी 27 ऑगस्टला आली. लाइमलाइट तेव्हा पांढरीशुभ्र. आईने फोनवर पाहिलं आणि म्हणाली, "या वेळी बाप्पाला फुलं कच्चीच का आणलीस?" यंदा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे चतुर्थी 14 सप्टेंबरला. ऑगस्ट नीट सांभाळला तर तोवर निम्मा तुरा तरी रंगलेला असेल.

सजावटीसाठी ज्यांना वापरायचीत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. नुकते उमललेले, मऊ तुरे तोडले तर तासाभरात माना टाकतात. बोटांना कागदासारखे कोरडे लागायला लागले की तोडा, भल्या सकाळी, सगळी पानं काढून, आणि रात्रभर बादलीत गळ्यापर्यंत पाण्यात ठेवा. मग ते दीड दिवस काय, गौरी-विसर्जनापर्यंत तग धरतात. दुसरी गोष्ट महत्त्वाची: हे झाड खाल्ल्यास विषारी आहे, माणसांना आणि कुत्र्या-मांजरांनाही. त्यामुळे नैवेद्याच्या ताटाभोवती किंवा मोदकांवर ही फुलं ठेवू नका. आमच्याकडे ती फक्त मखराच्या मागे असतात. बाप्पाला वाहायला कुंडीतली जास्वंद आहे, ती हिवाळ्यात घरात येते.

पुण्या-नाशकाहून विचारणाऱ्यांना मात्र मी आग्रहाने नको म्हणते. या झाडाला हिवाळ्यात खरी झोप लागते, पान गळून महिनोन्‌महिने थंडी लागते, आणि फुलं रंगायला गार रात्री. आपल्याकडे दोन्ही नाही. नर्सरीत हायड्रेंजिया म्हणून कुंडीत मिळतो तो बहुधा मोठ्या पानांचा असतो, तो सकाळच्या उन्हात आणि ओलाव्यात ठेवून बघा. बियांच्या पाकिटांवर निळ्या-जांभळ्या पॅनिकलचा फोटो असेल तर पैसे घालवू नका, तसा रंग या झाडात नाहीच.

आमच्या मागच्या अंगणात घराच्या आधीच्या मालकिणीने लावलेली जुनी ग्रँडिफ्लोरा आहे, आता खोड धरलेली, झाडच झालेली. बऱ्याच नव्या जातींवर पेटंट असतं, ते असेपर्यंत त्यांची कलमं करता येत नाहीत, पण हिची करता येतात. जूनच्या शेवटी कोवळ्या काडीचा वीतभर तुकडा, खालची पानं काढून, वरची अर्धी कापून, ओल्या परलाइटमध्ये (कुंडीच्या मातीत मिसळतात ते पांढरं, हलकं खनिज) खोचायचा आणि प्लॅस्टिकची पिशवी घालून सावलीत ठेवायचा. महिन्या-दीड महिन्यात मुळं धरतात. कँटन-नोव्हायकडच्या कुणाला हवी असतील त्यांनी जूनमध्ये कळवा, आणि येताना लहान कुंड्या घेऊन या, माझ्याकडच्या नेहमी संपतात.