क्वीनला काय मिळालं, कुणी घेतलं

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडला ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतले संगीताचे मानाचे पुरस्कार, किती मिळाले, असं भाच्याने परवा फोनवर विचारलं. तो पुण्यात गिटार शिकतोय आणि सध्या त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही. उत्तर त्याला पटेना. स्पर्धेतलं ग्रॅमी एकही नाही. नामांकनं झाली, त्यांच्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ या गाण्यालाही झालं होतं, पण तो सोनेरी ग्रामोफोन दरवेळी दुसऱ्याच कुणाच्या घरी गेला. 2018 मध्ये ग्रॅमीवाल्यांनी जीवनगौरव दिला, तेव्हा बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याला जाऊन 26 वर्षं झाली होती.

माझं माहेर वाईचं. वाईहून पसरणीचा घाट चढलं की पाचगणी, आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फर्रुख बुलसारा नावाचा झांझिबारहून आलेला पारशी मुलगा शिकत होता. तोच पुढचा फ्रेडी. तिथेच तो पियानो शिकला. 1958 मध्ये वसतिगृहातल्या मित्रांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. आता मी पश्चिम लंडनमध्ये हाउन्सलोला राहते आणि त्याच मुलाचं इथलं पहिलं घर माझ्यापासून थोड्याच अंतरावर, फेल्टमला आहे. त्यामुळे क्वीनचं कौतुक कुणी, कधी आणि कशासाठी केलं, हा विषय मला फार जवळचा वाटतो.

ब्रिटनमधल्या सगळ्या पुरस्कारांत मला मोलाचा वाटतो तो आयव्हर नॉव्हेलो. गाणी रचणाऱ्यांचं कौतुक त्यांच्याच व्यवसायातले लोक करतात, म्हणून. 1976 मध्ये तो ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ला मिळाला. गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं, त्यात मध्येच ऑपेरा. एवढं लांब गाणं रेडिओवर लावणार कोण, ही शंका बँडच्या जवळच्या माणसांनाही होती. ते 9 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. पुढच्या वर्षी राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव होता. त्या निमित्ताने आधीच्या 25 वर्षांतलं सर्वोत्तम ब्रिटिश गाणं निवडलं गेलं. तो मानही याच गाण्याला मिळाला, प्रोकोल हारमच्या ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’बरोबर विभागून.

गाणं रचण्याच्या पुरस्कारावर माझा एवढा भर का, तर क्वीन हा चौघांच्या लेखणीवर उभा राहिलेला बँड आहे. फ्रेडीचं ‘वुई आर द चॅम्पियन्स’ सगळ्यांना माहीत असतं. पण ‘वुई विल रॉक यू’ गिटारवादक ब्रायन मेचं, ‘रेडिओ गागा’ ड्रमवाल्या रॉजर टेलरचं, आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ जॉन डीकनचं, म्हणजे बँडमधल्या सगळ्यात अबोल माणसाचं. असे चारही जण लिहिणारे, चौघांचीही गाणी गाजलेली, हे रॉकमध्ये फार क्वचित घडतं. गाणं कुणाच्या नावावर, पैसे कुणाला, यावरून त्यांच्यात पूर्वी बऱ्याच कुरबुरी झाल्या. शेवटी 1989 च्या ‘द मिरॅकल’पासून त्यांनी सगळी गाणी ‘क्वीन’ या एकाच नावावर टाकायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या साँगरायटर्स हॉल ऑफ फेमने 2003 मध्ये चौघांना एकत्र घेतलं. तिथे अख्खा बँड घेतला जाण्याची ती पहिलीच वेळ. सगळ्या सन्मानांत हाच मला सर्वांत न्याय्य वाटतो.

मनाला सर्वांत लागणारा सन्मान मात्र 1990 चा. ब्रिट या ब्रिटिश संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात ब्रिटिश संगीतातल्या मोठ्या योगदानाबद्दल क्वीनचा गौरव झाला. जागा डोमिनियन थिएटर, टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनच्या अगदी समोर. त्या रात्रीचं चित्रण आजही पाहायला मिळतं. चौघे मंचावर येतात. फिकट निळ्या सुटातला फ्रेडी खूप वाळलेला दिसतो. 1985 मध्ये वेम्बलीच्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफलीत अख्खं मैदान एका हाताच्या इशाऱ्यावर नाचवणारा हाच माणूस, हे मान्य करायला मन धजत नाही. भाषण ब्रायन करतो. फ्रेडी बाजूला शांत उभा. सगळे निघताना तो माइकजवळ येऊन आभार मानतो, शुभ रात्री म्हणतो आणि जातो. लोकांसमोर तो पुन्हा आला नाही. एड्सची बातमी त्याने 23 नोव्हेंबर 1991 ला जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. पुढे त्याच डोमिनियनमध्ये क्वीनच्या गाण्यांवरचं संगीतनाटक 2002 ते 2014 अशी बारा वर्षं चाललं आणि दारावर फ्रेडीचा भलाथोरला पुतळा उभा होता.

त्यानंतर सन्मान येतच राहिले आणि प्रत्येक वेळी प्रश्न एकच: घ्यायला कोण जाणार? मार्च 2001 मध्ये न्यूयॉर्कला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये क्वीनचा समावेश झाला, तेव्हा ब्रायन आणि रॉजर होते आणि फ्रेडीच्या वतीने त्याच्या आई, जेर बुलसारा, आल्या होत्या. मुलाला लहान वयात समुद्रापार पाचगणीच्या बोर्डिंगात ठेवणारी ही आई. पुढे तिला घरदार मागे टाकून झांझिबारमधून निघावं लागलं. त्या मंचावर तिला काय वाटलं असेल, याचा विचार मी बरेचदा करते. जॉन डीकन आला नाही. 1997 नंतर तो बँडपासून पूर्ण बाजूला झाला. मित्र गेल्यावर त्याला ते सगळं नकोसं झालं असेल तर त्यात गैर काय? त्याला कृतघ्न म्हणणारे लोक मी पाहिलेत आणि मला ते मुळीच पटत नाही.

ब्रायनला 2023 मध्ये ‘सर’ किताब मिळाला, रॉजरला आधी ओबीई हा राजकीय सन्मान. त्यापेक्षा मला 2020 चं 5 पौंडांचं नाणं आवडतं. ब्रिटिश टांकसाळीने एखाद्या बँडसाठी काढलेलं ते पहिलंच. त्यावर बँडमधल्या कुणाचाच चेहरा नाही. फ्रेडीचा पियानो, डीकनची बास गिटार, रॉजरचा ड्रम आणि ब्रायनने वडिलांबरोबर जुन्या फायरप्लेसच्या लाकडातून घरी बनवलेली ‘रेड स्पेशल’ गिटार आहे. भिंगाखाली पाहिलं तर पियानोच्या काही पट्ट्या दाबलेल्या दिसतात. ते ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’चे सुरुवातीचे सूर आहेत. चौघांना सारखी जागा देणारा इतका नेटका सन्मान दुसरा नाही.

2025 च्या मे महिन्यात स्टॉकहोमला स्वीडनच्या राजाच्या हस्ते क्वीनला पोलर म्युझिक प्राइझ मिळालं. 1998 मध्ये पंडित रविशंकरांना मिळालेला पुरस्कार तो हाच. घ्यायला पुन्हा ब्रायन आणि रॉजर.

आता फेल्टमचं घर. लंडनला आलेली मराठी मंडळी लोकमान्य टिळक राहिले त्या घरावरची निळी स्मृतिपाटी पाहतात, बाबासाहेबांच्या घरी आवर्जून जातात. त्याच निळ्या पाट्यांच्या योजनेतली एक पाटी ग्लॅडस्टन अ‍ॅव्हेन्यूवर, एका साध्या चाकरमानी घराच्या भिंतीवर आहे. माणूस जाऊन 20 वर्षं झाल्याशिवाय अशी पाटी लागत नाही. ही 2016 च्या सप्टेंबरमध्ये लागली, तेव्हा बहीण कश्मीरा आणि ब्रायन मे दोघेही हजर होते. नावाखाली ‘फ्रेड बुलसारा’ असंही लिहिलंय, ते वाचून मला फार बरं वाटलं. 1964 मध्ये झांझिबारच्या क्रांतीनंतर बुलसारा कुटुंब इथे आलं. कॉलेजच्या दिवसांत फ्रेडीने हीथ्रो विमानतळावर सामान उचलण्याचं काम केलं. आजही आमच्या भागातली कितीतरी देशी मुलं शिकता शिकता त्याच विमानतळावर पाळ्या करतात. ब्रायन मेसुद्धा फेल्टमचाच, जवळच्याच गल्लीत वाढलेला, आणि त्या वयात दोघांची ओळखदेख नव्हती.

कुणी येणार असेल तर वॉटर्लूहून फेल्टमची गाडी पकडा, स्टेशनवरून चालत जाता येतं. घर खासगी आहे, आत लोक राहतात, त्यामुळे बेल वाजवू नका आणि फाटकात उभं राहून फोटो काढू नका. पाटी रस्त्यावरूनच नीट वाचता येते.