वाटीचं ऑपरेशन आणि रिपोर्टात नसलेला एक आकडा

गुडघ्याच्या वाटीच्या दुखण्यावर ऑपरेशन करून मला आठ महिने झाले. पाय छान चालतोय. पण ऑपरेशनच्या आधी एका स्कॅन सेंटरच्या खिडकीपाशी गेलेले 19 दिवस अजून डोक्यातून जात नाहीत, आणि हे लिहायला बसले ती त्याच रागापोटी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ज्यांना या वाटेनं जायचं आहे, त्यांचे तेवढे दिवस तरी वाचावेत.

व्यायामाच्या टप्प्याबद्दल फार लिहीत नाही. मांडीचे आणि खुब्याचे स्नायू तीन ते सहा महिने नेमानं बळकट केल्याशिवाय जाणता सर्जन ऑपरेशनचं नावच काढत नाही, आणि बहुतेकांचं दुखणं तिथंच आटोक्यात येतं. माझं आलं नाही. जिना उतरताना, उकिडवं बसताना, सिनेमाला दोन तास पाय दुमडून बसल्यावर वाटीमागची कळ तशीच राहिली.

मग तीन डॉक्टरांकडे गेले आणि तिघांचं म्हणणं वेगळं. पहिले म्हणाले, दुर्बिणीतून कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, साफ करून घेऊ. दुसरे म्हणाले, वाटीच्या बाहेरच्या बाजूचा ताठ पट्टा सोडवू, त्याला लॅटरल रिलीज म्हणतात. तिसऱ्यांनी रिपोर्ट उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "टीटी-टीजी किती आहे?" तो आकडा रिपोर्टात नव्हताच. दोन पानांच्या एमआरआय रिपोर्टात 'काँड्रोमलेशिया पॅटेला, ग्रेड 3', म्हणजे वाटीमागची कूर्चा झिजलेली, असं ठळक होतं आणि खाली डॉक्टरांशी पडताळून पाहा अशी ओळ. ग्रेड 3 म्हणजे कूर्चेला खोल भेगा, ग्रेड 4 म्हणजे हाड उघडं. कूर्चा किती झिजली ते यातून कळतं, का झिजली ते कळत नाही. आणि ऑपरेशन ठरतं ते या 'का'वर.

वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून वरखाली सरकते. तिला खाली धरणारा बंध नडगीच्या वरच्या उंचवट्याला चिकटलेला असतो. हा उंचवटा खाचेच्या मानानं फार बाहेरच्या बाजूला असला, की वाटी बाहेर ओढली जाते आणि तिची बाहेरची बाजू घासत राहते. खाचेचा सर्वांत खोल बिंदू आणि उंचवट्याचा मध्य यांच्यातलं आडवं अंतर म्हणजे टीटी-टीजी. सीटी स्कॅनवर ते 15 मिलिमीटरपर्यंत असेल तर ठीक समजतात, 15 ते 20 मधलं संशयाचं, 20 च्या वर गेलं की बिघाड. एवढ्या एका आकड्यासाठी मी त्या खिडकीवर पाच वेळा गेले.

पहिल्या खेपेला सांगितलं, फिल्म दिली आहे, त्यावरून डॉक्टर मोजतील. मोजता येत नाही. हे अंतर एका चित्रात नसतं. खाच एका थरात दिसते, उंचवटा काही सेंटिमीटर खालच्या थरात, आणि दोन्ही थर एकमेकांवर ठेवून मोजावं लागतं. फिल्मवरच्या तळहाताच्या चौथाईएवढ्या चित्रांवर पट्टी ठेवून ते जमत नाही. दुसऱ्या खेपेला सीडी मिळाली, पण तीत नुसते जेपीजी फोटो. फोटोत चित्र दिसतं, एक मिलिमीटर म्हणजे किती ही मोजपट्टी त्यात नसते. ती डायकॉम फाइलमध्ये, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइलमध्ये असते. हा फरक खिडकीतल्या मुलाला माहीत नव्हता, आणि मलाही सर्जनच्या टेबलावर सीडी लावल्यावरच कळला. तिसऱ्या खेपेला फाइली काढून देणारा माणूस रजेवर. चौथ्या खेपेला डायकॉम मिळाल्या, पण दोन दिवसांनी सर्जनकडे उघडल्या तर थर उंचवट्यापर्यंत पोचायच्या आधीच संपलेले. म्हणजे जो आकडा हवा होता तो त्या स्कॅनमध्ये कधी नव्हताच! पाचव्या खेपेला मी विचारलं की पुरवणी रिपोर्टात एवढं तरी लिहून द्या, म्हणजे पुढचा डॉक्टर त्याच्यावर विसंबणार नाही. रेडिऑलॉजिस्ट मंगळवारी आणि शुक्रवारीच येतात, असं उत्तर आलं. तो शनिवार होता.

शेवटी दुसरीकडे सीटी केला. गुडघे सरळ ठेवून, दोन्ही एकदम, खाचेच्या वरपासून उंचवट्याच्या खालपर्यंत. मशीनवर दहा मिनिटंसुद्धा गेली नाहीत. आकडा आला 22.

म्हणून स्कॅनला जाण्याआधीच सर्जनकडून लेटरहेडवर लिहून घ्या: टीटी-टीजी मोजून द्यावा, थर उंचवट्याच्या खालपर्यंत घ्यावेत, फाइली डायकॉममध्ये द्याव्यात. तोंडी सांगितलेलं खिडकीपाशीच विरून जातं. एमआरआयवर मोजलेला आकडा सीटीपेक्षा साधारण दोन-चार मिलिमीटर कमी भरतो, कारण त्यात गुडघा थोडा वाकलेला असतो. एमआरआयवर 17 आले म्हणून निर्धास्त होऊ नका. सीडीवरचं नाव आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आपल्याकडे कन्नडमधून इंग्रजीत जाताना नावं बदलतात आणि विम्याचा कागद त्यावरच अडतो.

एक्स-रेबद्दल राहिलंच. वाटीचा वरून घेतलेला स्कायलाइन फोटो गुडघा 30 ते 45 अंशांत वाकवून घ्यायला लावा. 90 अंशांत वाटी खाचेत घट्ट बसते आणि तिचा कललेपणा लपून जातो. बाजूच्या फोटोवर वाटीची उंची मोजतात. कॅटन-डेशांप गुणोत्तर 1.2 च्या वर असेल तर वाटी मुळातच उंच आहे, आणि तेव्हा उंचवटा आत सरकवण्याबरोबर खालीही आणावा लागतो.

22 आकडा समोर आल्यावर पहिली दोन्ही ऑपरेशनं आपोआप गळाली. दुर्बिणीतून साफसफाई केली तर सुटलेले तुकडे निघतात, पण ओढ तशीच राहते, त्यामुळे दुखणं परत येतं. गुडघा अडकत असेल तरच तिचा विचार करावा असं मला वाटतं. लॅटरल रिलीज फक्त बाहेरचा पट्टा खरोखर ताठ असून वाटी कललेली असेल तेव्हाच. नको तिथं केलं तर वाटी आतल्या बाजूला घसरू लागते, आणि हे दुखणं आधीच्या दुखण्यापेक्षा वाईट. वाटी पूर्ण निसटून बाहेर जात असेल तर आतला लिगामेंट मांडीमागच्या स्नायूच्या कंडऱ्यातून नवा बांधतात, त्याला एमपीएफएल म्हणतात. नुसत्या दुखण्यासाठी तो नाही. खाच जन्मतः सपाट असेल आणि वाटी वारंवार निसटत असेल तर ती खोल करण्याचं ऑपरेशन आहे, पण ते मोठं. वाटीमागची कूर्चा पूर्ण गेली आणि बाकीचा गुडघा चांगला असेल, तर चाळिशी-पन्नाशीनंतर फक्त वाटीचा सांधा बदलता येतो. पूर्वी वाटीच काढून टाकत. आज कोणी तसं सुचवलं तर दुसरं मत घ्या.

माझं झालं ते फल्करसन नावाचं ऑपरेशन. उंचवटा सहा-सात सेंटिमीटरच्या तिरक्या कापासकट सुटा करून आत आणि पुढे सरकवायचा आणि दोन स्क्रूंनी बसवायचा. आत सरकल्यानं ओढ कमी होते, पुढे आल्यानं वाटीवरचा दाब. पण झीज वाटीच्या बाहेरच्या किंवा खालच्या बाजूला असेल तरच हे लागू पडतं. आतल्या किंवा वरच्या बाजूला झीज असेल तर हा दाब नेमका तिथंच जाऊन बसतो. हा प्रश्न सर्जनला नक्की विचारा.

दवाखान्यातले दिवस ठीक गेले. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत होतं. मराठीत वाचून दाखवा म्हटलं तर नर्सबाईंनी दाखवलं, संकोच करू नका. त्यात लिहिलेले धोके खरे आहेत: पोटरीत रक्ताची गाठ, जंतुसंसर्ग, नडगीचं हाड मोडणं. पोटरी सुजली, दम लागला, जखम पाझरली किंवा औषधानंही न शमणारी कळ आली तर त्याच दिवशी परत जा. टाक्याच्या शेजारची बधीर कातडी मात्र नेहमीची.

हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर कुबड्या आणि गुडघ्याला आधाराचा पट्टा, आणि पूर्ण भार टाकायचा नाही. तंबाखूनं हाड उशिरा जुळतं, आणि आपल्या भागात बायका मिश्री लावतात ते डॉक्टरांच्या यादीत येत नाही. त्यातही निकोटिन असतंच, महिनाभर आधीपासून बंद करा. घरी उकिडवं बसायचं संडास असेल तर कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधी आणून ठेवा, नंतर धावाधाव होते. गुडघा वाकवण्याचा व्यायाम सर्जन सांगतील त्या दिवसापासूनच सुरू करा, नाहीतर सांधा आखडतो. स्क्रूची डोकी गुडघ्यावर टेकताना टोचतात. वर्षभरानं ते काढता येतात, माझे काढायचे आहेत.

सहा आठवड्यांच्या एक्स-रेवर हाड जुळलेलं दिसेपर्यंत कुबडी टाकू नका, मग कितीही बरं वाटो. आणि परिवहनच्या बसच्या उंच पायऱ्यांसाठी: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.