लिंबाला वार्निश

माझ्या धनुष्याच्या मुठीत माझ्याच अंगठ्याचा ठसा रुतला होता. अमेरिकेहून आलेल्या भाच्याने डासांचा स्प्रे आणला होता. जुलैतल्या एका संध्याकाळी मी तो हातांवर मारला आणि सरावाला उभी राहिले. त्या स्प्रेत डीट होतं. ते डास पळवतं, तसंच वार्निश आणि काही प्लॅस्टिकही विरघळवतं. दहा बाण होईतो मूठ काकवी सांडल्यासारखी चिकट!

धनुष्य तीन तुकड्यांचं आहे. मधे लाकडी हँडल, वर-खाली दोन लिंब, म्हणजे वाकणारी पाती (इंग्रजीत limb). (आई अजून विचारते, "लिंबाला कसलं गं वार्निश?") लिंबांचा गाभा लाकडाचा, दोन्ही अंगांना फायबर ग्लास, आणि सगळं गोंदाने चिकटवलेलं. म्हणून तिथे थिनर लावायचा नाही, आणि बाण मारून झाल्यावर धनुष्य बंद गाडीत उन्हात ठेवायचं नाही. तापलं की गोंद ढिला होतो.

हँडल घेऊन सुतारकाकांकडे गेले. "ताई, स्पिरिट पॉलिश मारतो, आरसा होईल बघा." मी नको म्हटलं. ते लाखेचं पॉलिश दिसतं देखणं, पण चिपळूणच्या पावसात मारलं की ओल अडकून पांढुरकी झाक येते, आणि हाताला सॅनिटायझर असेल तर तेही निघून येतं. काका जरा रुसलेच. पीयू (पॉलियुरेथेन वार्निश) मारायचं ठरलं, पण पाऊस ओसरल्यावर.

ऑक्टोबरात काम काढलं. चिकट थर साबणाच्या कोमट पाण्याने पुसला, दोन दिवस वाळवला, मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासला. लिंब जिथे बसतात त्या खाचांवर आधी टेप लावली. तिथे वार्निशचा थर चढला तर लिंब नीट बसत नाहीत. मग पातळ तीन हात, प्रत्येक हातानंतर ४०० नंबरचा पेपर. घाईत एकच जाड हात दिला तर ओघळ येतात. लिंबांवर मात्र नवा थर दिलाच नाही. ते दर बाणाला वाकतात, जाड वार्निश तिथे तडकतं.

ओलीची ही कटकट जुनीच. शिंग, तात (जनावराच्या स्नायूंचे धागे) आणि सरस यांची धनुष्यं आपल्याकडे होती, तेव्हाही ओल लागली की सरस मऊ पडायचा. मग वरून लाखेचा रंग, सोन्याची नक्षी. शस्त्रागारांत पोलादी धनुष्यंही असायची.

आता सराव संपला की आधी दोरी उतरवते, मग मऊ फडक्याने मूठ आणि लिंबांची टोकं पुसते. दोरी घासून वार्निश पहिलं तिथेच जातं. महिन्यातून एकदा लिंबावरून कापसाचा बोळा फिरवते. कापूस अडकला की तिथे चीर आहे, आणि मग दोरी चढवायचीच नाही. ठेवायचं आडवं, दोन खुंट्यांवर. टोकावर उभं केलं की लिंब पिळवटतो.

ठसा पूर्ण गेला नाही. तिरप्या उजेडात मुठीवर अजून दिसतो. स्प्रे चपलांच्या कपाटात ठेवलाय, आणि पावसाळ्यात सरावाला आता पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते.