चाळकेवाडीच्या सड्यावरची मादी

मे महिना, साताऱ्याहून सहाला निघालो आणि ठोसेघर मागे टाकून चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, पोचेपर्यंत साडेसात झाले. मी आणि एम.एस्सी.ची दोन पोरं. परवानगीचे कागद, मापं घ्यायचं व्हर्नियर, भिंग, जीपीएस, आणि काठीच्या टोकाला बांधलेला दोऱ्याचा फास एवढंच सामान. काम होतं सरडे मोजायचं, पण मोजायच्या आधी कुठला ते ओळखायला लागतं ना, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

पहिली मिळाली ती मादी. जांभ्याच्या दगडाला चिकटून बसलेली, मातकट, पाठीवर गडद ठिपक्यांची रांग, बास. पोराने फास टाकला, हातात घेतली आणि मागच्या पायाची बोटं मोजून लगेच म्हणाला, "मॅम चार बोटं, सिताना!" मी म्हटलं थांब, लिहू नकोस.

कारण हीच चूक मी स्वतः केलीये. २०१३ मध्ये मी विद्यार्थिनी होते तेव्हा साताऱ्याजवळच्या एका दुसऱ्या सड्यावर असाच सरडा दिसला होता आणि मी वहीत लिहिलं, "सिताना पाँटिसेरियाना, सातारा." हे नाव क्युव्हिएने १८२९ मध्ये पाँडिचेरीच्या सरड्याला दिलेलं, आणि मागच्या पायाला चार बोटं आणि गळ्याला पंखा, म्हणजे नर उघडतो-मिटतो ती कातडीची घडी, दिसला की सगळ्यांनी वर्षानुवर्षं तेच चिकटवलं, समुद्रकिनाऱ्यापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत. २०१६ मध्ये दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासून या घोळातून, सितानापासून, नवीन जीनसच (जवळच्या प्रजातींचा गट) वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं सरडा. आपला मराठीतला सरडा! त्यात जर्डनने १८७० मध्ये नाव दिलेली डेक्कनेन्सिस ही प्रजाती आली, शिवाय दोन नव्या प्रजाती, डार्विनी आणि सुपर्बा. सुपर्बा म्हणजे साताऱ्याच्या या सड्यांवरचा. चार बोटं दोन्ही जीनसमध्ये असतात, त्यामुळे बोटं मोजून प्रश्न सुटत नाही, नराचा पंखा बघावा लागतो. आणि मादीला तो पंखा नसतो.

मग नराची वाट बघत बसलो. नर जवळच होता, तीन-चार मीटरवर एका उंच दगडावर, पण ढग आलेला आणि ढग असला की हे पंखा उघडतच नाहीत. मादीला कापडी पिशवीत सावलीला ठेवली. तेवढ्यात शेरडं घेऊन एक आजी आल्या.

"काय हुडकताय गं पोरी?"

"सरडे, आजी."

"सरडं व्हय? रग्गड हायत हितं. काय करायचं त्येंचं?"

"नाव ठरवायचंय."

"आन् आता आणि कसलं नाव? सरडाच की त्यो."

मी त्यांना सांगितलं की शास्त्रज्ञांनीसुद्धा आता सरडा हेच नाव दिलंय, जगभर तेच लिहितात. आजी बराच वेळ त्या दगडाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मग बराबर केलं." मला ते फार आवडलं.

पाऊण तासाने ऊन आलं. नराने मान वर केली, पुढच्या पायांवर अंग उचललं आणि पंखा उघडला. निळा, मध्ये काळा, मागे शेंदरी, आणि मिटलेला असतानाही पोटाच्या निम्म्यापर्यंत पोचणारा. सेकंदभर उघडतो, मिटतो, परत उघडतो. पोरांना मी सांगितलं की निळा किती गडद आहे यावर जाऊ नका, पंखा किती मागे जातो ते बघा. इथल्याच पवनचक्क्यांवरचा बंगलोरच्या आयआयएस्सीच्या (भारतीय विज्ञान संस्थेच्या) लोकांचा २०१८ चा अभ्यास आहे, पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी झाले म्हणून सरडे वाढले, पण खाणारी तोंडं वाढली, सरडे बारीक झाले आणि नरांचे रंगही फिके पडले. म्हणजे एकाच सड्यावर एकाच प्रजातीचे नर कमी-जास्त रंगाचे दिसणार.

नर सुपर्बा, यात शंका नव्हती. पण मादी? ती त्याच्या दगडाजवळ होती, सडा तोच, दुसरी जात इथे आम्हाला कधी दिसली नाही, म्हणून सुपर्बा. मादीची ओळख अशी जागेवर उभी असते, जागाच लिहिली नाही तर काय उरतं?

माझ्या २०१३ च्या नोंदीत नुसतं "सातारा" आहे. कुठला सडा, कुठला दगड, नर होता का मादी, काही नाही. आठवणीवरून तो सडा मी शोधून काढला, गेल्या वर्षी जाऊन आले, जेसीबीने सपाट केलाय, प्लॉटचे दगड रोवलेत, दिवसभर फिरून एक सरडा दिसला नाही. तिथे काय होतं हे आता मलाही सांगता येणार नाही, आणि ते बघून ठेवणारी मीच होते.

मादीचं माप घेतलं, पोटावरचे खवले भिंगातून दोनदा मोजले, फोटो काढले, ज्या दगडावरून उचललेली त्याच दगडावर सोडली. क्षणभर बसली आणि मग मागच्या दोन पायांवर उभी राहून गवतात पळाली. पोराने वही उघडली आणि "मादी, सरडा सुपर्बा" एवढं लिहून थांबला. मी म्हटलं सुपर्बाच्या आधी "बहुधा" लिही, मग जीपीएस, मग दगड कसा आहे ते, मग नर किती अंतरावर होता ते, ऊन होतं की ढग तेसुद्धा. त्याला पान उलटायला लागलं.