फॉस्फेट २६ वर आला, पण त्याचा मुक्काम दगडात आहे

मंडळी, माझ्या रीफ टाकीच्या (प्रवाळ आणि मासे असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या) पाण्याला काल रात्री हॅनाच्या चेकरने, म्हणजे फॉस्फरस मोजायच्या छोट्या यंत्राने, २६ दाखवला! पीपीबी (अब्जात एक भाग) फॉस्फरस, म्हणजे ३.०६६ ने गुणून आणि हजाराने भागून फॉस्फेट ०.०८ पीपीएम (दशलक्षात एक भाग). दिवाळीनंतर हाच आकडा १४७ होता, म्हणजे ०.४५. खात्री करायला क्युव्हेट (नमुन्याची काचेची कुपी) धुऊन, जुन्या सुती पंच्याने पुसून पुन्हा घेतला, तर २९. चेकरची पाच पीपीबीची चूकभूल धरली की २६ आणि २९ माझ्या लेखी एकच. आणि मुख्य म्हणजे जीएफओचा (फॉस्फेट शोषणाऱ्या लोहाच्या दाण्यांचा) रिॲक्टर, म्हणजे ज्यातून पाणी फिरवतात ती नळी, सोलापूरच्या जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आधीपासून बंद आहे.

नायट्रेट सॅलिफर्टच्या टेस्ट किटवर ५ पीपीएमच्या आसपास. दिवाळीत ते शून्य होतं. आजची सगळी कथा या पाचाची आहे.

मागचं वाचलेल्यांना आठवत असेल, जीएफओ घातला की दोन-तीन दिवसांत फॉस्फेट निम्म्यावर, आणि रिॲक्टर बंद केला की आठवड्याच्या आत गाडी मूळ पदावर. माशांचं खाणं, म्हणजे फ्रोझन आर्टेमिया (बारीक कोळंबी), गाळणीत आरओच्या पाण्याने धुऊन द्यायला लागले, टॉपऑफचं (वाफ होऊन गेलेल्याची भर घालायचं) पाणी तपासलं, मीठ कालवलेलं ताजं पाणी तपासलं. सगळीकडे फॉस्फेट नगण्य. तरी मागच्या काचेवर फॉस्फेटवर पोसणारी हेअर अल्गी (केसांसारखं शेवाळ) बोटभर वाढलेली आणि समोरची काच रोज घासावी लागायची.

मग बादलीचा प्रयोग केला. सम्पमधला (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीतला) मुठीएवढा दगड काढला, ब्रशने घासून वरचा गाळ घालवला आणि ताज्या मिठाच्या पाण्याच्या बादलीत छोट्या पंपासोबत ठेवला. सुरुवातीला पाण्याचं रीडिंग ४. दुसऱ्या दिवशी ६०च्या वर. पाणी पूर्ण बदललं, पुन्हा तसंच चढलं. तिसऱ्यांदा बदललं, पुन्हा चढलं! बादलीत ना मासा, ना खाणं.

हा पुण्याहून आलेला दगड. बंद झालेल्या फिश-ओन्ली (प्रवाळ नसलेल्या, नुसत्या माशांच्या) टाकीत त्याने कित्येक वर्षं काढलेली. दगड ॲरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटून बसतो. लोणच्याच्या फोडीत मीठ मुरावं तसा तो मुरलेला असतो. पाण्यातला फॉस्फेट जास्त असेल तेव्हा दगड तो धरतो, पाण्यातला कमी झाला की सोडतो. म्हणून जीएफओ लावून पाणी कितीही स्वच्छ केलं तरी मागून दगड भरपाई करत राहतो. जीएफओ वाईट नाही, पण मुरलेला दगड त्यावर रिकामा करायचा म्हणजे खिशाला परवडत नाही. त्यात यंदा ऑनलाइन मागवलेला माल रिॲक्टरमध्ये दोन दिवसांत तपकिरी भुकटी झाला. दाणा कडक असलेला महागडाच घ्या, आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा.

आता व्हिनेगर, म्हणजे बॅक्टेरियासाठी कार्बनचं खाणं; ते वाढताना नायट्रेट-फॉस्फेट उचलतात. दसऱ्यापासून रोज सकाळी थोडं थोडं वाढवत देत होते. सकाळी अशासाठी, की रात्री पीएच आधीच उतरलेला असतो. नायट्रेट सरळ शून्यावर आलं आणि फॉस्फेट ढिम्म हललं नाही. हिशेब मांडल्यावर कारण समोर आलं. बॅक्टेरियाला वाढायला कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस तिन्ही लागतात. त्यांचं ठरावीक प्रमाण, रेडफिल्डचं, १०६:१६:१. हे अणूंचं प्रमाण. आपल्या किटच्या भाषेत ०.१ पीपीएम फॉस्फेट उचलायला साधारण १ पीपीएम नायट्रेट खर्ची पडतं. माझ्या टाकीत नायट्रेटच संपलेलं. कार्बन कितीही ओतला तरी बॅक्टेरिया वाढणार कशावर?

म्हणून नायट्रेट घालायचं ठरवलं. हो, रीफ टाकीत मुद्दाम नायट्रेट! सोडियम नायट्रेटसाठी अक्कलकोट रोडला डाइंगवाल्यांना रंग-रसायनं पुरवणाऱ्या एका दुकानात गेले. काउंटरवरच्या काकांनी सहज सोडियम नायट्राइट पुढे केलं. "ताई, इथं सगळे हेच नेतात," म्हणाले, आणि ते खरंच आहे, चादरी-टॉवेलच्या रंगकामात तेच लागतं. आपल्याला ते अजिबात नको. एक तर ते विषारी, वर नायट्रेट किटचं रीडिंगही फसवतं. सोलापुरात कोणी हा मार्ग धरणार असेल तर लेबलवरचा रेणुभार बघूनच पैसे द्या. ८५ असेल तर नायट्रेट, ६९ असेल तर नायट्राइट. मला शेवटी कॉलेजांच्या प्रयोगशाळांना माल देणाऱ्याकडून शुद्ध ग्रेडची बाटली मिळाली.

द्रावण असं केलं: १३.७ ग्रॅम सोडियम नायट्रेट आरओ-डीआयच्या (क्षार पूर्ण काढलेल्या) पाण्यात विरघळवून एकूण ५०० मिली. याच्या १० मिलीने २०० लिटर पाण्यात नायट्रेट १ पीपीएमने वाढतं. एकदम पाचावर नेलं नाही, रोज थोडं घातलं आणि व्हिनेगर होतं तेवढंच ठेवलं. पहिल्या आठवड्यात नायट्रेट टिकेचना, घातलेलं दुसऱ्या दिवशी गायब. त्याच वेळी स्किमरचा (फेसासोबत बॅक्टेरिया आणि घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) कप चहाच्या रंगावरून काळपट, दाट आणि भयंकर वासाचा झाला. तो वास आला तेव्हाच मला कळलं की गाडी रुळावर आली. १४७ चे ११०, मग ८०, मधे बरेच दिवस ६५ला अडकले, आणि आता २६.

मधल्या काळात वाळूवर सायनोची (सायनोबॅक्टेरियाची) लाल साय आली होती. प्रवाह वाढवला, सायफनने ओढून काढली, आता फक्त एका कोपऱ्यात आहे. काच मात्र चार-पाच दिवसांनी घासली तरी चालते. ओव्हरफ्लोच्या (पाणी सम्पमध्ये सांडायच्या कप्प्याच्या) दातऱ्यांवर जांभळ्या कोरलाइनचे (हव्याशा कडक शेवाळाचे) नखाएवढे ठिपके आलेत. झोआ (फुलांसारखे छोटे प्रवाळ) सकाळी लाइट लागायच्या आधीच उघडायला लागलेत. लेदर नावाच्या मऊ प्रवाळाने कात टाकली आणि दुसऱ्याच दिवशी पॉलिप पूर्ण बाहेर काढले, ते बघत मी बराच वेळ टाकीसमोर बसले होते.

शून्याच्या मागे मी लागणार नाही. नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य झाले की डायनोफ्लॅजेलेट्सना (एकपेशीय उपद्रवी जीवांना) रान मोकळं मिळतं, आणि ती तपकिरी, बुडबुडे धरलेली लाळ निस्तरण्यापेक्षा हेअर अल्गी परवडली. ०.०५ ते ०.०८ मध्ये थांबायचं, असं ठरवून टाकलंय.

खरी चिंता उन्हाळ्याची आहे. आपल्या कोरड्या हवेत पंख्याने पाणी मुंबईपेक्षा कितीतरी चांगलं थंड होतं, टॉपऑफ तेवढं दणकून लागतं. पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि व्हिनेगरवर वाढलेले बॅक्टेरिया तोच ओढतात. मे महिन्यात पारा ४३च्या वर आणि त्यात लाइट गेली तर माझा टँग मासा पहिला जाईल. म्हणून एप्रिलपासून व्हिनेगर निम्मं करायचं आणि बॅटरीवरचा एअर पंप कायम जोडून ठेवायचा, असा बेत होता.

पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचतंय. व्हिनेगर कमी केलं की दगड पुन्हा डोकं वर काढणार. मग दगडच बाहेर टपात का रिकामा करू नये? लँथॅनम क्लोराइड (पाण्यातला फॉस्फेट बांधून त्याचा गाळ करणारं रसायन) मी टाकीत घालत नव्हते ते टँगमुळे, या माशांना त्याचा त्रास होतो. टपात मासेच नाहीत! वॉटर चेंजचं काढलेलं पाणी, पॉवरहेड (पाणी फिरवायचा छोटा पंप), आणि सम्पमधले दगड आळीपाळीने. लँथॅनम भरपूर पातळ करून थेंबथेंब सोडायचं, आणि जमणारा पांढरा गाळ पकडायला ५ मायक्रॉनची फेल्टची बॅग. ती त्याच रंगवाल्या काकांच्या दुकानात टांगलेली बघितली होती, गिरण्यांसाठीचीच, ॲक्वेरियमच्या दुकानातल्या फिल्टर सॉकपेक्षा (गाळायच्या पिशवीपेक्षा) दुप्पट जाड कापडाची. १ ग्रॅम फॉस्फेटला साधारण दीड ग्रॅम लँथॅनम लागतं. ते कार्बोनेटही ओढतं, म्हणून टपातला केएच (कार्बोनेटचं प्रमाण) बघत राहावा लागेल. डोस थांबवल्यावर तीन दिवस रीडिंग चढलं नाही की दगड धुऊन परत सम्पमध्ये. बॅक्टेरिया मरू नयेत म्हणून एका वेळी पाव हिस्साच काढणार.

रविवारी बॅग आणते. पहिल्या टपाचे आकडे बादलीच्या आकड्यांशेजारी मांडून टाकेन. तोवर कोणी फिश-ओन्लीतला दगड लँथॅनमने बाहेर रिकामा केला असेल, तर किती दिवस लागले ते जरूर सांगा.