पिशवीतून आलेला कार्ब्युरेटर

यामाहा आरएक्स १०० या मोटारसायकलचा कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारा भाग, माझ्याकडे प्लास्टिकच्या पिशवीतून आला. सोबत गाडी नव्हती. हल्ली हे फार वाढलंय. मोबाइलवर बघून कार्ब्युरेटर घरच्या घरी उतरवता येतो, म्हणून लोक तेवढाच घेऊन येतात, नाहीतर कुरियरने पाठवून देतात.

"काका, कॉक चालू ठेवला की खालच्या नळीतून पेट्रोल गळतं," मुलगा सांगत होता. "एअर स्क्रू जाम आहे, त्यामुळे आयडलिंग सेट होत नाही. बाकी गाडी एकदम ओके. थंडीतसुद्धा चोक लागत नाही, पहिल्या किकला उठते."

शेवटचं वाक्य त्याने अभिमानाने सांगितलं आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. थंडीच्या सकाळी टू-स्ट्रोक इंजिन चोकशिवाय उठतंय, म्हणजे कुठून तरी त्याला जादा पेट्रोल मिळतंय. ते कुठून मिळतंय आणि का, हे शोधता शोधता एरवीचं गळतीचं काम भलतीकडेच गेलं. ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली. म्हणजे सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता तिशीच्या आसपास आहे. तिचा मिकुनीचा व्हीएम २० कार्ब्युरेटर साधा आणि अतिशय चांगला आहे, पण इतक्या वर्षांत त्याला बरेच हात लागलेले असतात. ही गाडी त्या मुलाच्या वडिलांची, मधली काही वर्षं कोकणात पडवीत उभी होती. खारी हवा, चार महिने ओल आणि बाउलमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत, तसंच राहिलेलं पेट्रोल. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, जेट, म्हणजे पेट्रोल मापात सोडणारी बारीक भोकं, पितळेचे, स्क्रू लोखंडी. तीन धातू ओलीत एकत्र राहिले की जस्त आधी झिजतं आणि त्याची पांढरी पूड आट्यांत घट्ट बसते. जाम म्हणतात तो हाच.

बाउलच्या चार स्क्रूंपैकी तिघांची डोकी आधीच खाल्लेली होती. याचं कारण बहुतेक गॅरेजमध्ये आजही माहीत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. जपानी गाड्यांचे चौफुली स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. दिसायला फिलिप्ससारखेच, पण खाचेचा आकार वेगळा. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर सरकतं आणि खाच गोल करतं. बऱ्याच जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तो दिसला तर फिलिप्स हातातही घेऊ नये. या ४ मि.मी.च्या स्क्रूंना जेआयएस दोन नंबरचा ड्रायव्हर लागतो. एक चांगला ड्रायव्हर आयुष्यभर पुरतो, तरी लोक हजारोंचे सायलेन्सर लावतात आणि ड्रायव्हर फुटपाथवरचा वापरतात, याचा मला खरंच राग येतो.

क्रम ठरलेला आहे. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून आट्यांच्या कडेला थेंब सोडायचे आणि रात्रभर ठेवायचं. साधा गंजरोधक स्प्रे या कामाला अपुरा पडतो. दुसऱ्या दिवशी पितळी पंचाने स्क्रूच्या डोक्यावर हलके ठोके. मग हॉट एअर गनने बॉडी तापवायची, पाण्याचा थेंब टाकला की चर्र व्हावा इतपत. मी १२०-१३० अंशांच्या पुढे जात नाही. हा मिश्रधातू ३८० अंशांच्या आसपास वितळायला लागतो आणि त्याच्या बराच आधी नरम पडतो, त्यामुळे गॅसची ज्योत इथे चालत नाही. तापवण्याचा फायदा असा, की जस्त लोखंडाच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं. चार मि.मी.च्या भोकात शंभर अंशांना जेमतेम सहा मायक्रॉन सैलपणा मिळतो, पण पूड तडकायला तेवढा पुरतो. ड्रायव्हरच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली तर पकड वाढते. आधी केसभर घट्ट करायचं, मग सोडवायचं.

दोन स्क्रू असे निघाले, तिसऱ्यासाठी हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागला. बॉडी लाकडाच्या ठोकळ्यावर, वाइसमध्ये कधीच नाही, आणि ठोका हलका. चौथ्याची खाच उरलीच नव्हती. अशा वेळी लोक ईझी-आउट, म्हणजे तुटका स्क्रू काढायचा उलट्या आट्यांचा खिळा, घुसवतात. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला की ड्रिलही लागत नाही आणि बॉडी भंगारात जाते. मी ४ मि.मी. ड्रिलने फक्त डोकं उडवलं. डोकं गेलं की स्क्रूवरचा ताण जातो, बाउल वर निघतो आणि खाली स्क्रूचा बुंधा काही मि.मी. उभा राहतो. पुन्हा उष्णता दिली, व्हाइस ग्रिपने धरला आणि तो फिरला. आटे शाबूत राहिले.

एअर स्क्रू पांढऱ्या पुडीने भरला होता. हा स्क्रू बारीक टोकाचा, जबरदस्ती केली तर टोक मोडून वाहिनीत अडकतं. दोनदा भिजवून, तापवून, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे करत काढला. काढण्याआधी आत किती फेरे जातो ते मोजायचं असतं, पण तो पूर्ण आत आवळलेला होता. व्हीएममध्ये हा स्क्रू हवेचा आहे, पेट्रोलचा नाही. आत गेला की हवा कमी होते आणि मिश्रण घट्ट होतं. म्हणजे कोणीतरी जितकं घट्ट करता येईल तितकं करून ठेवलं होतं.

बॉडी साफ करायला अल्ट्रासोनिक टब, ५०-६० अंशांचं पाणी आणि सौम्य साबण. लिंबाचा रस, व्हिनेगर, कोल्ड्रिंक हे मोबाइलवरचे उपाय जस्ताचं वाटोळं करतात. आम्लात जस्त विरघळतं, बॉडी काळी पडते आणि स्लाइडचं, म्हणजे थ्रॉटलसोबत वरखाली होणाऱ्या दट्ट्याचं, बोअर खडबडीत होतं. नंतर प्रत्येक वाहिनीत हवा मारून ती कुठून बाहेर येते ते बघायचं. पायलटच्या, म्हणजे आयडलचं पेट्रोल देणाऱ्या, वाहिनीत मारली की स्लाइडखालच्या दोन्ही बारीक भोकांतून यायला हवी. एकातून आली म्हणून समाधान मानलं तर तीच गाडी आठवड्याने परत येते.

गळतीचं कारण समोरच होतं. फ्लोट पिनच्या, म्हणजे बाउल भरला की पेट्रोल थांबवणाऱ्या सुईच्या, टोकाला गोल खाच पडलेली, बाउलचं पॅकिंग फुगून चपटं झालेलं. पिन सीटसकट बदलली, सीटखालचा वॉशरही. नुसती पिन बदलून झिजलेल्या सीटवर बसवणं म्हणजे ग्राहकाला महिनाभर शांत ठेवणं. मग ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती बाउलच्या बाजूने उभी धरली आणि पेट्रोलची पातळी प्रत्यक्ष बघितली. फ्लोटची उंची पट्टीने मोजण्यापेक्षा हे खात्रीचं, कारण फ्लोटला बारीक चीर पडून आत पेट्रोल गेलं असेल तर पट्टीला ते कळत नाही.

आता जादा पेट्रोल. चोकच्या दट्ट्याच्या तळाशी रबराची चकती असते, ती भोकावर बसून चोकची वाहिनी बंद करते. इथे ती कडक होऊन वळ पडला होता. म्हणजे चोक बंद असला तरी तिथून थोडं पेट्रोल सतत जात होतं. थंडीत चोक का लागत नाही, याचं अर्धं उत्तर मिळालं.

उरलेलं अर्धं पायलट जेटमध्ये होतं. जेट खोल नळकांड्यात बसतो आणि त्याची खाच बोथट झालेली. चपट्या ड्रायव्हरचं पातं खाचेच्या अचूक रुंदीला घासून घेतलं, बॉडी तापवली आणि जेट अख्खा निघाला. त्याच नंबरचा नवा जेट शेजारी ठेवून भिंगाखाली पाहिला. जुन्याचं भोक उघड मोठं होतं. नव्यात न जाणारी तार जुन्यात सहज फिरत होती. साफ करताना लोखंडी तार घातली की भोक एका बाजूने ओरखडतं, तोंडाशी फाकतं. हे तसं नव्हतं. भोक गोल, सरळ, आरपार सारख्या मापाचं. हातात धरायच्या बारीक ड्रिलने कोणीतरी ते जाणूनबुजून मोठं केलं होतं. इथे थोडाही फरक खूप असतो. भोकाचा व्यास पाव पटीने वाढला, तर क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं.

एअर स्क्रू पूर्ण आत, जेट मोठा केलेला, चोकमधून गळती. इतकं पेट्रोल पिऊन इंजिन काळ्या प्लगने बंद पडायला हवं होतं. मुलाला फोन करून प्लगचा फोटो मागवला. प्लग विटकरी, योग्य मिश्रणाचा पुस्तकात दाखवतात अगदी तसा.

म्हणजे कुठून तरी जादा हवाही येत होती.

"गाडी घेऊन ये," म्हटलं.

"काका, गाडी कशाला? कार्ब्युरेटरच तर खराब आहे."

मी हट्ट धरला. कार्ब्युरेटर नव्या जेटसह, नव्या रबरांसह पिशवीत घालून परत दिला असता तर कागदोपत्री काम निर्दोष होतं. आणि मला आता खात्री आहे, की ते इंजिन एखाद्या घाटात जाम झालं असतं.

गाडी आल्यावर कार्ब्युरेटर न बसवता आधी प्रेशर टेस्ट केली. पिस्टन खाली, एक्झॉस्टचं तोंड रबर आणि पट्टी लावून बंद, प्लग जागेवर. हवा इनटेकच्या रबरातून द्यायची. त्यासाठी लेथवर नायलॉनचं बूच करून त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून ठेवलाय. प्लगच्या भोकातून हवा दिली तर रीड, म्हणजे इनटेकच्या एकतर्फी झडपा, बंद होतात आणि इनटेकच्या रबराची गळती तपासलीच जात नाही. दाब सहा पीएसआय, त्यापेक्षा जास्त नको, आणि गेज कमी मापाचं हवं. टायरच्या गेजवर सहाचा आकडा धड वाचताही येत नाही. चांगल्या इंजिनात मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त पडू नये. इथे काटा बघता बघता शून्यावर आला.

साबणाचं पाणी सगळीकडे लावलं. इनटेक रबर ठीक, रीड ब्लॉकचं पॅकिंग ठीक, हेड ठीक. डावीकडचं मॅग्नेटचं कव्हर काढलं आणि रोटरच्या, म्हणजे चुंबकाच्या चाकाच्या, मागून बुडबुडे आले. क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याची, डावी ऑइल सील. उजवी सील गेली तर इंजिन गिअर ऑइल ओढतं आणि पांढरा धूर होतो, तो गल्लीतल्या सगळ्यांना दिसतो. डावी सील कोरडी हवा ओढते. धूर नाही, थेंब नाही, आवाजही नाही. मिश्रण पातळ होत जातं, पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं आणि शेवटी पिस्टन जाम होतो. मिश्रण पातळ होतं ते सगळ्यात जास्त आयडलला आणि बंद थ्रॉटलला, जिथे आतली ओढ मोठी आणि पेट्रोल थोडं असतं.

रोटर पुलरने काढला. हातोडीने ठोकून काढणारे क्रँक वाकडा करतात. सीलची ओठासारखी कड नखाने दाबली तर वाकत नव्हती, प्लॅस्टिकसारखी कडक झाली होती. हल्ली प्रत्येक रबराचा दोष इथेनॉलवर टाकायची पद्धत पडलीय. बाउलचं पॅकिंग फुगलं त्यात त्याचा वाटा असू शकतो. ही सील मात्र वय आणि उष्णतेने गेली होती. इथेनॉलने वेगळाच एक भार टाकला असणार. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, ई-२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, साधारण १३.५ पट. म्हणजे त्याच जेटवर मिश्रण आपोआप आणखी पातळ.

नवी सील बसवण्याआधी रोटरच्या जागी क्रँक वरखाली हलवून बेअरिंगचा खेळ पाहिला. बेअरिंग झिजलं असेल तर नवी सील काही महिन्यांत जाते. शाफ्टवर खाच आहे का ते नखाने तपासलं. सीलच्या कडेला ग्रीस, स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि नळीच्या तुकड्याने चारी बाजूंनी सारखं दाबून बसवली. पुन्हा सहा पीएसआय दिला, काटा जागेवर राहिला. मगच कंपनीच्या मापाचा जेट, चोकचं नवं रबर आणि एअर स्क्रू सव्वा फेरा बाहेर. एरवी मी दीड फेऱ्यापासून सुरुवात करतो, ई-२० साठी थोडा आत ठेवला.

गाडी आता थंडीत चोक मागते. मुलाला ते आवडलं नाही. "आधी पहिल्या किकला उठायची," म्हणाला. त्याला बसवून सगळं समजावलं, जुना जेट भिंगाखाली दाखवला. पटलं की नाही, सांगता येत नाही.

माझं डोकं अडकलंय ते जेट मोठा करणाऱ्या माणसापाशी. त्याला सील गेल्याचं कळलं होतं का? कळलं असेल आणि मालकाने सीलचा खर्च नको म्हटलं असेल, तर त्याने हाताशी असलेल्या उपायाने इंजिन वाचवलं. आणि कळलं नसेल, नुसता आयडल लागेपर्यंत भोक वाढवत गेला असेल, तरीही त्याच भोकाने इतकी वर्षं पिस्टन वाचवला. माझ्या हिशेबाने दोन्ही कामं चुकीचीच, पण सील तशीच ठेवून योग्य मापाचा जेट बसवणं हे त्याहून मोठं नुकसान ठरलं असतं. आणि पिशवीतून, कुरियरने येणाऱ्या प्रत्येक कार्ब्युरेटरच्या मागे न दिसणारं एक इंजिन असतं, त्याचं काय करायचं? आता मी अट घातली आहे. टू-स्ट्रोकचा कार्ब्युरेटर नुसता आला आणि त्यात जेट मोठा केलेला किंवा एअर स्क्रू तळाला आवळलेला सापडला, तर गाडीची प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय मी तो जोडून देणार नाही. काही गिऱ्हाइकं यावर चिडून दुसरीकडे जातात, आणि तिथे त्यांना कार्ब्युरेटर लगेच मिळतो.

या गाडीत एक गोष्ट राहिली आहे. स्लाइड इंजिनाच्या बाजूने झिजलीय, त्यामुळे तापल्यावर आयडल थोडा वरखाली होतो. अस्सल स्लाइड मिळेपर्यंत नकली बसवणार नाही, असं मुलाला सांगितलंय. पाचशे किलोमीटर झाले की प्लग काढून पुन्हा बघायचा आहे.